साठ परुस खोल

स्टोक रोला नदी नाही, ओढा नाही, झराही नाही. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या दक्षिण भागात, चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर हे गाव आहे. खाली काही मैलांवर थेम्स वाहते, पण माथ्यावरच्या गावाला तिचा काय उपयोग? पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो, आणि पडतो तसा मुरून जातो. वर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर, त्याखाली शेकडो फूट पांढराशुभ्र खडूचा दगड. त्या खडूच्या भेगांतून पाणी खाली, आणखी खाली, पार दरीच्या पातळीपर्यंत निघून जातं. टेकडीच्या पोटात पाणी आणि टेकडीवरच्या माणसाच्या घशाला कोरड, अशी या गावाची शेकडो वर्षांची स्थिती होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावकरी कशावर भागवत होते? माती काढून सोडून दिलेल्या खाणींमध्ये साचलेलं गढूळ पाणी, गुरं उतरतात ती डबकी, आणि छपराच्या वळचणीखाली मांडलेली पिंपं. धुण्याचा दिवस पाऊस ठरवायचा. शिजवायला वापरलेलं पाणी फेकायचं नाही, ते शेजारच्या घरी द्यायचं, तिथून पुढच्या घरी. उन्हाळा लांबला की डबकी आटत आणि मग खांद्यावर कावड घेऊन दूरवर जायचं. गावातली माणसं शेतमजुरी करणारी, वीटभट्टीवर राबणारी, बीचच्या जंगलात बसून खुर्च्यांचे पाय कातणारी. ते पाय हाय वायकमच्या खुर्ची कारखान्यांना जात. १८४६ साली गावाला गारगोट्यांच्या भिंतींचं स्वतःचं चर्च मिळालं. देव गावात आला तरी पाणी काही आलं नाही.

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं. रेडिंगला मुलाकडे राहायला आले तेव्हा शेजारी एक आजी भेटल्या. वय नव्वदीच्या पुढे, गुडघे गेलेले, स्मरण लख्ख. त्यांचं आजोळ स्टोक रोचं. मी परसात कपडे वाळत घालायला गेले की कुंपणापलीकडे खुर्ची टाकून त्या बसलेल्या असायच्या, आणि बोलणं फिरून फिरून आजोळावर यायचं. 

"माझ्या आजीला नळ वाहता राहिलेला सहन व्हायचा नाही," त्या एकदा म्हणाल्या. "म्हणायची, ३६८ फुटांवरून वर येतंय ते, जरा मान ठेव. नळाचं पाणी त्या विहिरीतलं नव्हतंच मुळी. पण तिला ते सांगायची सोय नव्हती."

३६८ फूट! मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले. आमच्या माण तालुक्यात विहिरीची खोली परुसात सांगत. उभ्या माणसाने हात वर केला की जी उंची भरते, तो एक परुस. सात-आठ परुसांची विहीर म्हणजे आमच्याकडे चांगली खोल विहीर. परुस सहा फुटांचा धरला तर ही साठ परुसांच्या वर गेली. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलची उंची ३६५ फूट आहे. ते कॅथीड्रल कळसासकट या विहिरीत उतरवलं तर वरून दिसणारही नाही. आणि हे सगळं हाताने खणलेलं, चार फूट रुंदीच्या तोंडातून.

"कुणी खणली?" मी विचारलं.

"तुमच्याकडच्या राजाने," त्या म्हणाल्या. राजांबद्दल असंच बोलायची रीत आहे. किल्ले त्यांनी 'बांधलेले' असतात, विहिरी त्यांनी 'खणलेल्या' असतात.

तो राजा म्हणजे काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह. राहायला गंगेच्या पैलतीरी रामनगरच्या किल्ल्यात. काशी मराठी माणसाला परकी नाही. विश्वेश्वराचं देऊळ अहिल्याबाईंनी पुन्हा उभं केलं, आणि झाशीची राणी होण्याआधीची मणिकर्णिका तिथेच जन्मली. पण काशीच्या महाराजांनी इंग्लंडच्या टेकडीवर विहीर बांधली, हे मी कधी ऐकलं नव्हतं. गंगाकाठी राहणाऱ्या माणसाला चिल्टर्नच्या तहानेची खबर लागली कशी?

ती लागली एका गोष्टीतून, आणि ती गोष्ट सांगणारा होता एडवर्ड अँडर्डन रीड. स्टोक रोच्या शेजारी इप्सडेन नावाचं गाव आहे, तिथल्या जमीनदार घराण्यात तो १८०७ साली जन्मला. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला चार्ल्स रीड हा त्याचा धाकटा भाऊ. एडवर्ड तरुणपणीच कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १८६० पर्यंत राहिला. १८३१ मध्ये आझमगढला असताना त्याने तिथल्या लोकांसाठी विहीर खणवली होती. पुढे काशीच्या महाराजांशी त्याची चांगली ओळख झाली. त्या बोलण्यात केव्हातरी त्याने आपल्या गावाकडची हकिगत सांगितली: डोंगरावरच्या वस्तीत पाण्याचे हाल असतात, एका पोराने तहान लागली म्हणून घरातलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं, तर आईने त्याला बेदम मारलं.

एवढीच गोष्ट. तिला नाव नाही, गाव नाही, पुढे काय झालं तेही नाही. रीड मायदेशी परतायला निघाला तेव्हा आझमगढची विहीर सगळ्यांना खुली राहावी, एवढी विनंती त्याने महाराजांना केली. महाराजांच्या मनात त्याची विहीर राहिली आणि ते पोरही राहिलं. १८६२ मध्ये त्यांनी कळवलं की इंग्लंडमध्ये काही दानधर्म करायचा आहे, आणि तो रीडच्या मुलखात पाण्यासाठी व्हावा. जागा ठरली स्टोक रो.

शेजारच्या आजींच्या घरात ही गोष्ट जरा वेगळी चालत आली होती. त्यांच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे तो मुलगा त्यांच्याच चाळीवजा घरांच्या ओळीतला होता, आणि त्याच्या आईला सगळे ओळखत होते. "पण गंमत सांगू?" त्या म्हणाल्या, "तिकडच्या टोकाची म्हातारी शपथेवर सांगायची की पोरगा तिच्या माहेरचा. चर्चजवळची म्हणायची, आमचाच. एका पोराने मार खाल्ला आणि अख्ख्या गावाने तो वाटून घेतला!"

मला हे फार खरं वाटलं. गोष्ट एकाच घरची असती तर कदाचित विसरली गेली असती. तो मार प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा बसला असेल, म्हणून तर प्रत्येक घराला तो आपला वाटला. १९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होते. टँकर यायचा तेव्हा बायकांची झुंबड उडायची. माणसं खडी फोडायच्या कामावर, घरात तांबड्या मिलोच्या भाकरी, शाळेत सुकडी. भरून आणलेली कळशी लवंडली म्हणून माझ्या चुलतीने थोरल्या लेकाला मारलेलं मी पाहिलं आहे. संध्याकाळी तीच त्याच्या पाठीला तेल चोळत बसली होती. माझी आजी जात्याशी बसून म्हणाली, "मारू नगं तर काय करंल? पान्याला मारता येत न्हाई, आभाळाला मारता येत न्हाई. हाताशी लेकरू हाय." स्टोक रोच्या त्या आईविषयी माझ्या आजीला काही सांगावं लागलं नसतं.

खोदकाम १० मार्च १८६३ रोजी सुरू झालं. वॉलिंगफर्डच्या वाइल्डर या कारखानदारांकडे रहाटाच्या यंत्रसामग्रीचं काम होतं. खणणारे गावचे आणि आसपासचे. चार फूट रुंदीच्या आडात एका वेळी एकच माणूस नीट काम करू शकतो. खाली तो, मेणबत्तीच्या उजेडात, हातात आखूड दांड्याची कुदळ. वर दोर ओढणारे. वीस-पंचवीस फुटांपर्यंत माती आणि गारगोट्या, मग खडू, आणि खडूतच मध्ये कुठे बारीक वाळूचा थर. खडू खणायला फार कठीण नाही, आणि बराचसा स्वतःच्या अंगावर उभा राहतो. भीती असते ती वाळूच्या थराची, खालच्या कोंदट हवेची आणि वरून निसटणाऱ्या दगडाची. शंभर फुटांखाली गेलेल्या माणसाला आकाश नाण्याएवढं दिसत असेल. साडेतीनशे फुटांवर तेवढंही नाही.

आमच्याकडच्या विहिरी काळ्या पाषाणात. पहार, छिन्नी, सुरुंग, आणि दगड वर काढायला यारी. पाणाड्या हातात बेळका घेऊन शेतभर फिरायचा आणि एका जागी थांबून म्हणायचा, "हितं." मग घरातली सगळी जनावरं विकून माणूस खणायला लागायचा. पाणी लागलं तर बागायतदार, नाही लागलं तर मुंबईला गिरणीत. माझ्या आजीचे आजोबा असे दोनदा कोरड्या विहिरी खणून बसले होते. "हिरीत पानी नसतंय," आजी म्हणायची, "नशिबात असतंय. हिर नुसती दावते." स्टोक रोला पाणाड्याची गरज नव्हती. खडूत पाणी आहे हे ठाऊक होतं. किती खाली, एवढाच प्रश्न. तो सोडवायला वर्षभर लागलं.

शेजारच्या आजींच्या आजीचे वडील वर दोर ओढणाऱ्यांत होते, असं त्यांच्या घरी सांगत. खालून मातीची बादली यायची तेव्हा तिच्यात कधी कधी शिंपले असायचे, खडूत दगड होऊन बसलेले. टेकडीच्या माथ्यावर समुद्राचे शिंपले! गावातल्या बायकांनी त्याचा अर्थ लावला: नोहाचा प्रलय. नोहाच्या वेळचं पाणी खाली उरलंय, तेवढं आपल्याला पुरेल. खडूचा तो सगळा डोंगर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशी बसलेला सूक्ष्म जिवांचा गाळ आहे. म्हणजे बायकांचा काळाचा हिशेब चुकला, समुद्राचा नाही.

२४ मे १८६४, व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस. त्या दिवशी विहीर लोकांसाठी खुली झाली. बांधायला ३५३ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स खर्च आला. वर २३ फूट उंचीचा घुमट उभा राहिला, पालखीवर धरलेल्या छत्रीसारखा डौलदार, खाली नुसते खांब आणि चारी बाजू मोकळ्या. रहाटाच्या यंत्रावर सोन्याच्या रंगाचा हत्ती बसवला. घुमटाच्या कडेने अक्षरं फिरवली की ही विहीर काशीच्या महाराजांनी दिली. इंग्लंडच्या चिंब, करड्या दिवसात गावाच्या रस्त्यावरून जाताना तो रंगीत घुमट आणि तो हत्ती अचानक समोर येतो तेव्हा गाडीतली माणसं मागे वळून पाहतात.

पाणी फुकट आणि सर्वांना, हा नियम. पण फुकट म्हणजे बिनकष्टाचं नव्हे. नऊ गॅलनची, म्हणजे साधारण चाळीस लिटरची बादली वर यायला दहा मिनिटं लागत. तासाला सहा बादल्या. अख्ख्या गावाचं पिणं, शिजवणं, गुरांची तहान यात बसवायची. रहाटाचा दांडा फिरवणाऱ्याच्या खांद्यात रात्री कळा यायच्या, आणि साखळीचा आवाज गावाच्या टोकापर्यंत जायचा. शेजारच्या आजी सांगायच्या, "आजीला आवाजावरून कळायचं, बादली भरलेली वर येतेय की रिकामी खाली जातेय." रांगेत उभं राहायचं ते बातम्या ऐकायला. कुणाच्या घरी बाळ आलं, कुणाचा मुलगा हाय वायकमला गेला, कुणी दारू प्यायला लागलंय. आडात नसेल ते पोहऱ्यात येणार नाही हे खरं, पण पोहरा वर येईपर्यंत गावातलं बरंच काही बाहेर यायचं.

विहीर दिली म्हणजे संपलं, असं महाराजांनी मानलं नाही. विहीर राखणाऱ्या माणसासाठी शेजारी छोटं घर बांधलं. त्याचा आणि देखभालीचा खर्च कसा निघायचा? त्यासाठी लगतची जमीन घेऊन चेरीची झाडं लावली. चेरी विकायची आणि त्यातून विहीर चालवायची. आपल्याकडे देवळाला इनाम जमीन लावून द्यायची जी रीत, तीच इथे इंग्लंडच्या मातीत रुजली. बागेला नाव दिलं इश्री बाग, महाराजांच्या नावावरून. बागेत माशाच्या आकाराचं तळं खणलं, कारण काशीच्या राजचिन्हात मासा आहे. हे सगळं रीडने स्वतः उभं राहून करून घेतलं. आयुष्याची उमेदीची वर्षं गंगेकाठी घालवलेला माणूस म्हातारपणी चेरीच्या बागेत मत्स्यावतार खणून घेत होता. गावकरी त्याला काय म्हणत असतील, ते मात्र शेजारच्या आजींनी हसून टाळलं.

पुढेही महाराजांचे पैसे येत राहिले. १८७१ मध्ये राजकन्या लुईजच्या लग्नाच्या निमित्ताने गावात पायवाट झाली. १८८२ मध्ये विंडसर स्टेशनवर राणीवर गोळी झाडली गेली आणि ती बचावली, तेव्हा गावाला पाव, चहा, साखर आणि जेवण मिळालं. राणीच्या सुटकेचा आनंद विंडसरमध्ये, खर्च काशीत आणि पंगत स्टोक रोमध्ये! शेजारच्या आजींच्या आजीला त्या चहाची गोडी मरेपर्यंत आठवत होती. घरात साखर मोजून वापरत, त्या दिवशी कुणी मोजली नाही.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. १८५७ साली वायव्य प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्व्हिन आग्र्याच्या किल्ल्यातच वारले आणि सर्वांत वरिष्ठ अधिकारी म्हणून कारभार काही काळ रीडकडे आला. त्याच वर्षी काशीचे महाराज इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. कानपूर, झाशी, लखनौ पेटलेली असताना हे दोघे एका पक्षात होते. विहीर खणायला घेतली ती त्यानंतर सहा वर्षांनी. म्हणजे हे दान नुसतं एका तहानलेल्या पोराच्या गोष्टीने हलून दिलेलं नाही. त्यात सत्ताधाऱ्यांपुढे आपली निष्ठा मांडणंही आहे. घुमटाचा मुहूर्त राणीच्या वाढदिवसाचा ठरतो, तो उगाच नव्हे.

त्या काळात असं करणारे महाराज एकटे नव्हते. मुंबईचे कावसजी जहांगीर, ज्यांचं आडनावच लोकांनी रेडीमनी करून टाकलं होतं, त्यांनी लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये दगडाची भलीमोठी पाणपोई बांधून दिली. ती १८६९ मध्ये खुली झाली. ब्रिटिश राज्यात आपल्याला आणि आपल्या पारशी बांधवांना मिळालेल्या संरक्षणाबद्दल कृतज्ञता म्हणून, असं तिच्यावर लिहिलं आहे. आज तिथून रोज हजारो लोक जातात. त्यांतला एखादाच थांबून वाचतो. पाणी हे असं दान आहे की घेणाऱ्याला ओझं वाटत नाही आणि देणाऱ्याची निष्ठा सगळ्यांना दिसते.

आणि तो पैसा आला कुठून? काशीचे महाराज तेव्हा नावाने महाराज असले तरी पूर्ण संस्थानिक नव्हते. राज्यकारभार १७९४ मध्येच कंपनीकडे गेला होता. काशीला संस्थानाचा दर्जा मिळाला तो १९११ साली. मधल्या काळात त्यांची मिळकत म्हणजे प्रामुख्याने जमिनीचा सारा. विहीर खणायचा विचार झाला त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी, १८६०–६१ मध्ये, वायव्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला होता. काशीचा मुलूख त्या दुष्काळाच्या मुख्य पट्ट्यात नव्हता हे खरं, तरीही स्टोक रोच्या रहाटाची साखळी शेवटी कुठल्यातरी गव्हाच्या, उसाच्या शेतापर्यंत जातेच. 

माझी आजी आम्हाला विहिरीच्या ज्या गोष्टी सांगायची, त्यांतल्या निम्म्या सुनांच्या असत. पाटलाने विहीर खणली, पाणी लागेना, जलदेवतेने थोरली सून मागितली. सून माहेरी जाऊन आईला भेटून आली, नवी साडी नेसून विहिरीत उतरली, आणि एकेका पायरीबरोबर पाणी चढत गेलं. घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. लहानपणी ती गोष्ट ऐकताना मी कान झाकून घ्यायची. आता वाटतं, आजीला त्या गोष्टीतून भीती घालायची नव्हती. पाण्याची किंमत कोण देतं, हे ती नातींना सांगून ठेवत होती. विहिरीला पाटलाचं नाव लागतं. सुनेचं नाव गोष्टीतच राहतं, तेही 'थोरली सून' एवढंच.

स्टोक रोच्या विहिरीवर महाराजांचं नाव आहे. खाली उतरून खणणाऱ्यांची नावं घुमटावर नाहीत. मार खाल्लेल्या पोराचं तर नाहीच. ती माणसं टिकली ती म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. दोर ओढणारे पणजोबा, प्रलयाचे शिंपले, तिन्ही टोकांच्या म्हाताऱ्यांनी वाटून घेतलेला पोरगा. दगड देणाऱ्याला लक्षात ठेवतो, गोष्ट भोगणाऱ्याला. दोन्ही एकाच विहिरीच्या काठावर उभं राहून ऐकली तर कुठे इतिहास पुरा होतो.

दगडाच्या आणि गोष्टीच्या या जोडीचं आणखी एक उदाहरण इप्सडेनजवळच्या शेतात उभं आहे. एडवर्डचा एक भाऊ जॉन थर्लो रीड १८२७ मध्ये सहारनपूरला वारला. त्याच्या स्मरणार्थ या शेतात दगडी स्मारक आहे. भल्या आडरानात हे स्मारक का, तर गावकरी सांगतात की त्या जागी त्याच्या आईला तो दिसला होता. हजारो मैलांवर गेलेला मुलगा शेताच्या बांधावर उभा. बातमी घेऊन जहाज यायला पुढे महिने लागले. भूत खरं की खोटं यावर मी वाद घालणार नाही. पण हिंदुस्थानात मुलं पाठवणाऱ्या इंग्लिश घरांत कसली धाकधूक असायची, ते त्या दगडावरच्या अक्षरांपेक्षा या गोष्टीतून जास्त कळतं. रीडच्या घराला हिंदुस्थानने एक मुलगा परत दिला नाही. दुसरा परत आला, आणि त्याच्यामागून एका विहिरीचं वचन आलं.

रीड १८८६ मध्ये वारला, महाराज १८८९ मध्ये. महाराजांनी ती विहीर कधी पाहिली नाही. विहीर मात्र सत्तर वर्षांहून अधिक काळ गावाला पाणी देत राहिली. मग नळ आले, रांगा संपल्या आणि साखळी थांबली. आमच्याकडेही असंच झालं. १९७२ नंतर बोअर मारायची यंत्रं आली, दोनशे-तीनशे फूट खाली सळसळत गेली, आणि मोट, नाडा, सोंदूर, थारोळं हे सगळं अडगळीत गेलं. फरक इतकाच की स्टोक रोचा आड गावाने जपला, आमच्या विहिरीत लोकांनी केर टाकला. आता माणमध्ये बोअरही आटतात. खोल जायला हरकत नाही, पण वरून काही मुरवलं नाही तर खाली कुठून मिळणार? गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या गावांनी श्रमदान करून चर खणले, बांध घातले, तेव्हा जुन्या विहिरींना पुन्हा पाणी दिसलं. ते काम सुरू करताना तरुण पोरांनी आधी म्हाताऱ्यांना विचारलं होतं, पाणी कुठून वाहत यायचं म्हणून.

१९६१ मध्ये एलिझाबेथ राणी काशीला गेली तेव्हा तिथल्या महाराजांनी तिला स्टोक रोच्या विहिरीची छोटी प्रतिकृती भेट दिली. १९६४ मध्ये विहिरीची शताब्दी झाली. राणीचे पती प्रिन्स फिलिप आले. काशीहून आणलेलं गंगाजल विहिरीत ओतलं गेलं. शेजारच्या आजी तेव्हा तिशीत होत्या, गर्दीत मागे उभ्या. "मला काही दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "आजी असती तर म्हणाली असती, इतकं लांबून पाणी आणलंत आणि ओतून टाकलंत?" आता विश्वस्त संस्था विहिरीची काळजी घेते, रंगरंगोटी वेळच्या वेळी होते, हत्ती चकाकतो. चेरीच्या बागेत मुलं खेळतात.

महाराजांच्या साऱ्याची आणि शेतकऱ्यांची गोष्ट मी शेजारच्या आजींना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मग म्हणाल्या, "आमच्या गावाला हे कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, राजाकडे पैसा असतोच."

पुढे एका रविवारी त्यांची पणतवंडं आली होती. मी वाटीभर शिरा द्यायला गेले तर विहिरीचीच गोष्ट चालली होती. पोरगा होता, आई होती, रीडसाहेब होते, राजा होता. आणि त्यात आता आणखी माणसं शिरली होती. काशीजवळच्या शेतांत राबणारी, वर्षाच्या शेवटी सारा भरणारी. 

"त्यांनी किती पैसे दिले?" मोठ्या पणतूने विचारलं.

"तीनशे त्रेपन्न पौंड, तेरा शिलिंग, सात पेन्स," आजी म्हणाल्या. "पेनीपर्यंत हिशेब आहे बघ. त्यात कुणाचे किती, ते तेवढं कुणी लिहिलं नाही."